पुरस्काराची फाइल कुठे पडते

‘सदर कर्मचारी अत्यंत कर्तव्यदक्ष, प्रामाणिक व मनमिळाऊ असून वरिष्ठांनी सोपविलेली कामे विहित मुदतीत पार पाडतात.’

मंडळी, आपल्या सरकारी खात्यांतल्या गुणवंत कर्मचारी पुरस्काराच्या प्रस्तावात हे वाक्य हमखास सापडतं. तालुका बदलतो, पदनाम बदलतं, वाक्य तेच राहतं. निवड समितीपुढे पन्नास प्रस्ताव आले आणि पन्नासांत हेच लिहिलेलं असलं, तर समितीने निवडायचं कशावरून? मग ती दुसरीकडे बघते. मागच्या वर्षी कोणत्या तालुक्याला दिला, कोण लवकर निवृत्त होतोय, कुणासाठी फोन आलाय. नंतर आपण म्हणतो वशिला चालला. चालतोही. पण त्या वशिल्याला बसायला पाट आपणच मांडून दिलेला असतो, कारण प्रस्तावात मोजण्यासारखं काहीच नसतं. आज बोलायचं आहे ते या मोजण्याबद्दल.

आधी थोडी पार्श्वभूमी. २१ एप्रिल १९४७ रोजी दिल्लीच्या मेटकाफ हाउसमध्ये सरदार पटेलांनी भारतीय प्रशासन सेवेच्या पहिल्या तुकडीपुढे भाषण केलं. म्हणून २१ एप्रिल हा नागरी सेवा दिन. २००६ साली पंतप्रधानांचे लोकप्रशासनातील उत्कृष्टतेचे पुरस्कार सुरू झाले आणि ते याच दिवशी दिले जातात. आपल्याकडे महाराष्ट्र राज्याचं राजीव गांधी प्रशासकीय गतिमानता अभियान आहे, त्याशिवाय खात्याखात्यांचे आदर्श ग्रामसेवक, आदर्श शिक्षक असे पुरस्कार आहेत. पद्म पुरस्कारांचा मात्र विचार करू नका. डॉक्टर आणि शास्त्रज्ञ सोडले, तर सेवेत असलेला सरकारी कर्मचारी त्यांना पात्रच नसतो. तरीही नोकरीत असलेल्यांसाठी तशा शिफारशी वर पाठवल्या जातात आणि तिथेच राहतात.

पंतप्रधान पुरस्काराची निवड कशी होते ते नीट पाहण्यासारखं आहे, कारण जिल्हा पातळीवरही तीच चाळणी लावता येते. अर्ज ऑनलाइन पोर्टलवर भरायचा. मग छाननी समिती त्यातून थोडे निवडते. त्यानंतर कॉल सेंटरवरून थेट लाभार्थ्यांना फोन जातात: तुम्हाला हे मिळालं का, किती दिवसांत मिळालं, कुणाला पैसे द्यावे लागले का. पुढे तज्ज्ञ समिती, मग कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखालची समिती आणि शेवटी पंतप्रधानांची मान्यता. यातली फोनची पायरी मला सगळ्यांत मोलाची वाटते आणि चांगल्या चांगल्या प्रस्तावांचं गाडं तिथेच रुततं. कारण अगदी साधं असतं. सेवा केंद्रावर अर्ज भरताना अर्जदाराच्या मोबाइलच्या रकान्यात केंद्रचालक स्वतःचा नंबर टाकतो, म्हणजे ओटीपी त्याच्याच हातात येतो आणि रांग पुढे सरकते. वर्षअखेर यादी काढली की चाळीस लाभार्थ्यांचा नंबर एकच. फोन केंद्रचालकाला जातो आणि तो प्रामाणिकपणे सांगतो, ‘मी तो नव्हे.’ यादी पाठवण्याआधी एक्सेलमध्ये मोबाइलचा रकाना क्रमाने लावा आणि एकच नंबर पुन्हा पुन्हा येतोय का पाहा. दहा मिनिटांचं काम आहे.

आता आकड्यांकडे येऊ. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण खरा गोंधळ इथेच होतो.

महसुलातलं उदाहरण घ्या, फेरफाराचं, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाच्या नोंदीचं. प्रस्तावात लिहिलं, ‘आमच्या मंडळात नोंदणीकृत खरेदीखताचे फेरफार सरासरी सात दिवसांत मंजूर.’ वाचायला झकास. पण जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५० प्रमाणे नोंद घेतली की हितसंबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस द्यावेच लागतात. त्याआधी मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली असेल, तर तो पुरस्काराचा विषय राहत नाही, चौकशीचा होतो. समितीत महसूल जाणणारा एक जरी माणूस असला तरी पहिल्याच पानावर प्रस्ताव बाजूला पडतो. खरा दावा असा लिहायचा: नोटिशीची मुदत संपल्यापासून किती दिवसांत नोंद निर्गत, म्हणजे निकाली, झाली. तेवढेच दिवस तुमच्या हातातले. बाकीचे कायद्याचे.

पुढे सरासरी. समजा शंभर फेरफारांपैकी नव्वद सतराव्या दिवशी झाले आणि दहा रखडून दोनशे दिवसांनी. सरासरी येते ३५.३ दिवस. हा आकडा ना त्या नव्वदांचा, ना त्या दहांचा. म्हणून मधला आकडा द्या, म्हणजे सगळी प्रकरणं दिवसांच्या क्रमाने लावल्यावर बरोबर मध्ये येणारा. इथे तो सतरा. आणि रखडलेल्या दहांचं वेगळं पान जोडा: किती विवादग्रस्त होती, किती वारस न सापडल्यामुळे राहिली, किती आपल्याच दिरंगाईने. हे शेवटचं लिहायला हात धजत नाही. पण समितीचा विश्वास बसतो तो त्याच ओळीमुळे.

प्रलंबिततेचा गोषवारा जुळला पाहिजे. आरंभीची शिल्लक ४१२, वर्षात आलेली १,८६०, निर्गत २,०१५, म्हणून अखेरची शिल्लक २५७. इतकं साधं गणित कित्येक प्रस्तावांत जुळत नाही, कारण आरंभीचा आकडा जुन्या कार्यविवरण नोंदवहीतून घेतलेला असतो आणि अखेरचा संगणकातून. दोन्ही आकडे एकाच उगमातून घ्या. निर्गत म्हणजे काय, तेही फोडून सांगा: मंजूर किती, नामंजूर किती, त्रुटी काढून परत किती, दुसऱ्या कार्यालयाकडे वर्ग किती. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ‘त्रुटीपूर्ततेसाठी परत’ हा रकाना अचानक फुगलेला दिसला, की झिरो पेंडन्सीचा, म्हणजे ‘एकही प्रकरण प्रलंबित नाही’ या दाव्याचा, अर्थ काय ते कळतं. कागद गेला, काम राहिलं.

झिरो पेंडन्सी हा शब्द पुणे विभागात विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांच्या काळात रुळला. त्यात नुसता निपटारा नव्हता, दप्तर लावणंही होतं. सहा गठ्ठे तर तुम्हा सगळ्यांना पाठ आहेत: प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे आणि नष्ट करायचे. पुरस्काराच्या प्रस्तावात याचे फोटो असतात: लाल कापडात बांधलेले गठ्ठे, रंगवलेले रॅक, समोर कुंडी. फोटोला गुण द्यायला समिती तयार नसते आणि ते बरोबरच आहे. अभिलेखांचं वर्गीकरण अ, ब, क, ड प्रमाणे किती संचिकांचं झालं ते लिहा. अ कायम ठेवायचे, ब तीस वर्षं, ड एक वर्ष. नष्ट केलेल्यांची यादी सक्षम अधिकाऱ्याच्या मान्यतेसह जोडा. आणि मग खरा आकडा सांगा: एखाद्या शेतकऱ्याने जुन्या फेरफाराची नक्कल मागितली तर पूर्वी ती किती दिवसांनी मिळायची आणि आता किती मिनिटांत मिळते. हा आकडा असला की कुंडीची गरज उरत नाही.

एक सूक्ष्म गोष्ट. बदल्यांचं विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा आपला २००५ चा अधिनियम सांगतो, की कोणतीही फाइल कुणाच्याही टेबलावर कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहू नये. आपण मात्र बदल्यांपुरतेच त्या कायद्याची आठवण ठेवतो. तेव्हा ‘फाइल सात दिवसांत काढतो’ असं लिहिणं म्हणजे सिग्नल पाळतो म्हणून सत्कार मागणं. पण अख्ख्या कार्यालयात, प्रत्येक टेबलावर, सलग बारा महिने हे झालं आणि ई-ऑफिसच्या, म्हणजे फाइलींच्या संगणक प्रणालीच्या, अहवालातून दाखवता आलं, तर तो दावा वजनदार होतो. एका माणसाचं कर्तव्य आणि कार्यालयाची सवय यांत फरक आहे.

श्रेय कुणाचं, हा नाजूक प्रश्न. पंतप्रधान पुरस्कार सुरू झाला तेव्हा वैयक्तिक गटात एक लाख रुपये अधिकाऱ्याला मिळत. आता वीस लाखांची प्रोत्साहन रक्कम जिल्ह्याला किंवा संस्थेला मिळते आणि ती त्याच कामावर किंवा लोककल्याणाच्या कामातल्या उणिवा भरून काढण्यासाठी खर्च करायची असते. हा बदल चांगला झाला असं माझं मत आहे. पण ट्रॉफी घ्यायला जातो तो जिल्हाधिकारीच. ज्या अव्वल कारकुनाने दोन वर्षं यादी जुळवली, त्याचं नाव मानपत्रात नसतं. त्यावर उपाय कार्यालय प्रमुखाच्या हातात आहे: प्रस्तावासोबत कामाची वाटणी जोडायची. कुणी काय केलं, पदनामासह, एका पानात. आणि पुरस्कार मिळाल्यावर त्या प्रत्येकाच्या सेवापुस्तकात नोंद व मूल्यमापन अहवालात उल्लेख करायचा. शिपायाच्याही. त्याला पैसे लागत नाहीत, आदेश लागत नाही, लागते ती फक्त आठवण.

बदली झाल्यावर काम टिकतं का, हा प्रश्न समित्या आता विचारू लागल्या आहेत. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अनिलकुमार लखिना अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी होते. कार्यालयाची बैठक, अभिलेख, टेबलांची रचना त्यांनी बदलली आणि तो ‘लखिना पॅटर्न’ इतरत्र गेला. तेव्हा हे पुरस्कार नव्हतेच. पद्धत लिहून ठेवली होती, दुसऱ्याला उचलता आली. म्हणून प्रस्तावाला कार्यपद्धतीची लेखी पुस्तिका जोडा, दहा पानांची चालेल. नवीन येणाऱ्याला ती वाचून काम करता येत नसेल, तर तो उपक्रम नव्हे, एका माणसाचा उत्साह आहे.

बाहेरच्या संस्थेने मोजमाप केलं की काय होतं, याचा ताजा दाखला २०२५ चा. राज्याच्या शंभर दिवसांच्या कार्यालयीन सुधारणा मोहिमेचं मूल्यमापन भारतीय गुणवत्ता परिषदेने केलं आणि निकाल टक्केवारीसह जाहीर झाला. मंत्रालयीन विभागांत महिला व बालविकास विभाग पहिला, ८० टक्के. जाहीर टक्केवारीमुळे चौथा आलेलाही दिसतो आणि किती मागे राहिला तेही दिसतं. नुसत्या ‘प्रथम क्रमांक’ फलकावरून ते कळत नाही.

शिक्षकांच्या राष्ट्रीय पुरस्काराकडेही पाहा. तो १९५८ पासून आहे. राज्यांच्या शिफारशींवर चालायचा, संख्या तीनशेच्या पुढे गेली होती. २०१८ मध्ये शिक्षकाने स्वतः ऑनलाइन अर्ज करायचा अशी पद्धत आली आणि त्या वर्षी पुरस्कार ४५ झाले. गुणांकनात कामगिरीला जास्त वजन दिलं. हेवा करण्यासारखी गोष्ट एकच: शिक्षकाला मुख्याध्यापकाच्या मर्जीवर थांबावं लागत नाही. आपल्या खात्यांतल्या पुरस्कारांत ‘कार्यालय प्रमुखांमार्फतच’ ही अट अजून घट्ट आहे आणि ज्याचं साहेबाशी पटत नाही त्याचा प्रस्ताव आवक बारनिशीतही, म्हणजे आलेल्या कागदांच्या नोंदवहीतही, चढत नाही.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. विभागीय चौकशी प्रलंबित अथवा प्रस्तावित नसल्याचं प्रमाणपत्र ताज्या तारखेचं हवं. सहा महिन्यांपूर्वीचं परत येतं. गोपनीय अहवालांच्या, म्हणजे वरिष्ठांनी दरवर्षी लिहिलेल्या मूल्यमापनाच्या, प्रती पूर्ण लागतात आणि मधल्या एखाद्या वर्षाचा अहवाल लिहिलाच गेलेला नाही हे प्रस्ताव करतानाच कळतं. त्यातली प्रतवारी दरवर्षी मागून घेत चला. तुमचे शेरे तुम्हाला कळवलेच पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या देव दत्त प्रकरणात स्पष्ट केलेलं आहे. मत्ता व दायित्वाचं, म्हणजे मालमत्ता आणि देण्यांचं, विवरण भरलेलं असू द्या.

खाजगी पुरस्कारांचा सुळसुळाट झालाय. कुरिअरने पत्र येतं, ‘राज्यस्तरीय समाजरत्न पुरस्कारासाठी आपली निवड’, आणि खाली नोंदणी शुल्काचा क्यूआर कोड. जो पुरस्कार घेणाऱ्याने विकत घ्यायचा, त्याला पावती म्हणतात. गंमत सोडा, वर्तणूक नियमांनुसार आपल्या गौरवाचे समारंभ आणि मानपत्रं स्वीकारायला शासनाची पूर्वपरवानगी लागते. केंद्राच्या सूचना तर सांगतात, की खाजगी संस्थेच्या पुरस्कारात रोख रक्कम नको आणि संस्थेची प्रतिष्ठा निष्कलंक हवी. निरोप समारंभातली शाल-श्रीफळ वेगळी. पण ठेकेदारांच्या संघटनेने केलेला सत्कार फेसबुकवर टाकून मग परवानगी मागणारे लोक आहेत.

पैशांचं म्हणाल तर केंद्र किंवा राज्य शासनाने लोकहितार्थ सुरू केलेल्या पुरस्काराच्या रकमेला १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १०(१७ए) खाली सूट होती. खाजगी संस्थेची रक्कम केंद्राची मान्यता असेल तरच त्यात बसायची. आपल्या राज्यात पूर्वी अत्युत्कृष्ट कामासाठी आगाऊ वेतनवाढ मिळायची. सहाव्या वेतन आयोगानंतर ती बंद झाली आणि प्रकरणं न्यायालयात गेली. त्या वेतनवाढीला धार होती, कारण ती पगाराच्या चिठ्ठीत दर महिन्याला दिसायची. मानचिन्ह कपाटावर जातं.

शेवटी वेळापत्रक. प्रस्ताव मागवल्याचं पत्र येतं तेव्हा हातात आठ-दहा दिवस असतात आणि तेवढ्यात कुणीही दोन वर्षांपूर्वीची स्थिती उभी करू शकत नाही. उपक्रम सुरू करताना पहिल्या दिवशी प्रलंबिततेचा अहवाल छापून, सही-शिक्क्यानिशी, एका वेगळ्या संचिकेत लावा. पुढे दर महिन्याच्या एक तारखेला तोच अहवाल, त्याच नमुन्यात, त्याच उगमातून. बारा महिन्यांत बारा पानं होतात. वर्षाच्या मधे आकडा बिघडला तर ते पानही काढू नका, बाजूला पेन्सिलने कारण लिहा: निवडणूक, अवकाळीचे पंचनामे, सर्व्हर बंद. त्या संचिकेला मुखपृष्ठ लावलं की प्रस्ताव तयार. ते कर्तव्यदक्ष आणि मनमिळाऊवालं वाक्य मग शोधूनही टाकायला जागा सापडत नाही.