इंटरप्टचा नंबर नक्की कुणाचा?

तर आज इंटरप्टच्या नंबरांबद्दल बोलायचंय. इंटरप्ट म्हणजे "हातातलं काम थांबव, माझ्याकडे बघ" असा डिव्हाइसने सीपीयूला दिलेला इशारा. बघा, "आयआरक्यू (इंटरप्ट रिक्वेस्ट) नंबर" असं म्हणताना आपण एकाच शब्दात तीन वेगवेगळे नंबर कोंबतो. हे इशारे गोळा करून सीपीयूकडे पाठवणाऱ्या कंट्रोलरच्या कुठल्या पिनला वायर आलीय तो एक, सीपीयू हँडलर (इंटरप्ट आल्यावर चालवायचा कोड) शोधायला टेबलमध्ये जो व्हेक्टर बघतो तो दुसरा, आणि कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, डिव्हाइस चालवणाऱ्या ड्रायव्हरला जो नंबर देतो तो तिसरा. हे तीन सारखे असायलाच हवेत असं अजिबात नाही, आणि माझं म्हणणं एवढंच की कर्नलचं खरं काम नंबर वाटायचं नाहीये, या तिघांची जोडी नीट सांभाळायचं आहे.

जुन्या पीसीवर हे लक्षात यायचं नाही कारण नंबर ठरलेलेच होते, टायमर ०, कीबोर्ड १, फ्लॉपी ६. १९८१ च्या आयबीएम पीसीत ८२५९ या इंटरप्ट कंट्रोलरची एकच चिप, म्हणजे ८ लाइन, १९८४ च्या एटीमध्ये दुसरी चिप आली पण ती पहिलीच्या २ नंबरला जोडलेली म्हणून वापरायला १५ उरल्या. पण घोळ तेव्हाही होताच. इंटेलने पहिले ३२ व्हेक्टर, ० ते ३१, सीपीयूच्या स्वतःच्या एक्सेप्शनसाठी (कोड चालवताना त्यालाच सापडलेल्या चुकांसाठी) राखून ठेवलेले आणि पीसी सुरू करणाऱ्या बायोसने मात्र हार्डवेअरच्या पहिल्या ८ लाइन ८ ते १५ वर बसवल्या. कर्नल सीपीयूला ज्यात नेतो त्या प्रोटेक्टेड मोडमध्ये ८ म्हणजे डबल फॉल्ट, एक एक्सेप्शन हाताळतानाच आलेलं दुसरं! त्यामुळे नवीन कर्नल लिहिणारा माणूस चिप रीमॅप न करता इंटरप्ट चालू करतो आणि टायमरची पहिलीच टिक त्याला डबल फॉल्ट म्हणून दिसते, मग बिचारा स्टॅकमध्ये चूक शोधत बसतो. म्हणून आधी सगळ्या लाइन ३२ च्या पुढे सरकवायच्या, मगच इंटरप्ट चालू करायचे.

आता एआरएमकडे, म्हणजे मोबाईलमध्ये असतात त्या प्रोसेसरांकडे या. तिथल्या जीआयसी कंट्रोलरमध्ये ० ते १५ हे कोअरनी एकमेकांना पाठवायचे, १६ ते ३१ प्रत्येक कोअरचे खासगी, आणि बाहेरच्या डिव्हाइसचे ३२ पासून पुढे. डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डवर कुठलं हार्डवेअर कुठे आहे ते कर्नलला सांगणाऱ्या फाईलमध्ये) हे बाहेरचे नंबर लिहिताना मोजणी परत ० पासून होते, म्हणजे चिपच्या मॅन्युअलमध्ये ६५ छापलं असेल तर तुम्ही ३३ लिहायचं. मी ६५ च लिहिलं होतं. ड्रायव्हर लोड झाला, इंटरप्ट मागितला तोही मिळाला, एकही एरर नाही, फक्त इंटरप्ट काही येईना. दोन दिवस मी ड्रायव्हरच वाचत होतो. शेवटी लिनक्सच्या प्रोकमधली इंटरप्ट्स फाईल (/proc/interrupts) उघडली तर आमच्या ओळीत काउंट ० आणि कंट्रोलरच्या नावापुढे ९७! ६५ अधिक ३२. लिनक्सचा नंबर डावीकडे, हार्डवेअरचा उजवीकडे, दोन्ही एकाच ओळीत असतात, तेव्हापासून मी आधी तीच फाईल बघतो.

ही जोडी लिनक्समध्ये आयआरक्यू डोमेन सांभाळतं. प्रत्येक कंट्रोलरचं आपलं डोमेन, कारण दोन कंट्रोलर असले की ५ नंबरची पिन दोघांकडेही असते. कंट्रोलर छोटा असेल तर साधा अ‍ॅरे पुरतो, नंबर मोठे आणि विरळ असतील तर रॅडिक्स ट्री, म्हणजे मधल्या रिकाम्या नंबरांसाठी जागा न अडवणारी रचना. ड्रायव्हरने नंबर कर्नलला विचारायचा, स्वतः ठोकून द्यायचा नाही, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

आणि एमएसआय-एक्स (वायरऐवजी मेसेजने इंटरप्ट द्यायची पद्धत) आल्यावर तर पिनच उरली नाही, डिव्हाइस एका पत्त्यावर ठरलेला डेटा लिहितं आणि तोच इंटरप्ट. एका डिव्हाइसला २०४८ पर्यंत घेता येतात, आणि एक्स८६ च्या, म्हणजे इंटेल-एएमडीच्या एका कोअरकडे व्हेक्टर मात्र २५६, त्यातले पहिले ३२ गेलेले. मग लिनक्स काय करतं, व्हेक्टर प्रत्येक कोअरचे वेगळे धरतं, म्हणजे एका कोअरवरचा ५० नेटवर्क कार्डचा आणि शेजारच्या कोअरवरचा ५० डिस्कचा असू शकतो. तुम्ही इंटरप्ट दुसऱ्या कोअरवर हलवलात तर व्हेक्टर बदलतो, एमएसआयचा पत्ता आणि डेटा कर्नल परत लिहितो, आणि ड्रायव्हरच्या हातातला नंबर तोच राहतो.