तळाचे मासेच आधी का मरतात?

मित्रहो, कॅटफिश पाळणाऱ्यांची एक तक्रार नेहमी कानावर येते. वरच्या थरात फिरणारे मासे धडधाकट असतात, आणि तळाशी राहणारा कॉरिडोरास किंवा प्लेको जातीचा एखादा कॅटफिश मात्र सकाळी मरून पडलेला सापडतो. चार दिवसांनी दुसरा जातो. मग दुकानातून एखादे निळे-हिरवे औषध आणून टाकीत ओतले जाते; मासे वाचले तर श्रेय औषधाला मिळते, मेले तर दोष रोगाच्या माथी जातो. दोन्ही निष्कर्षांना बहुधा आधार नसतो. माझे आजचे म्हणणे एवढेच आहे, की रोगाचे नाव शोधण्याआधी मृत्यूंचा क्रम लिहून काढावा: कोणते मासे मेले, किती अंतराने मेले, आणि त्याआधीच्या दोन-तीन दिवसांत आपण टाकीत काय काय केले होते.

निरनिराळ्या जातींचे मासे काही तासांतच एकदम तडफडू लागले, तर आधी पाण्यावर संशय घ्यावा, कारण संसर्ग सहसा इतक्या घाईने आणि इतक्या सरसकट मारत नाही. एकाच जातीचे मासे दिवसाआड एक-एक करून जात असतील, तर जंतू किंवा परजीवी यांची शक्यता वाढते. फक्त नवे आणलेले मासेच पहिल्या काही आठवड्यांत मरत असतील आणि जुने ठीक असतील, तर वाहतुकीचा ताण, आधीपासूनची उपासमार किंवा सोबत आलेला रोग, यांपैकी काहीतरी असते. हे नियम अचूक नाहीत. पण कोणत्या दिशेने शोध घ्यायचा, ते त्यांवरून ठरते.

पाण्यापासून सुरुवात करू, कारण बहुतेक गोंधळ तिथेच असतो. माशांच्या कल्ल्यांतून बाहेर पडणारा आणि उरलेल्या खाद्याच्या कुजण्यातून तयार होणारा अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. एक मुक्त अमोनिया, जो अत्यंत विषारी असतो, आणि दुसरा अमोनियम, जो त्या मानाने निरुपद्रवी असतो. कोणते रूप किती, हे मुख्यतः पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर, ठरते. २५ अंश सेल्सियसला सामू ७ असेल, तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की तो पाच टक्क्यांच्या वर जातो, आणि ९ ला एक तृतीयांशाहून अधिक होतो. बाजारातले टेस्ट किट सहसा दोन्ही रूपांची बेरीज दाखवते. म्हणून अमोनियाचा आकडा सामूच्या आकड्याशिवाय वाचण्यात अर्थ नाही.

आता महिनोन्महिने पाणी न बदललेल्या टाकीची कल्पना करा. अमोनियाचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जीवाणू हे काम करताना पाण्यातील क्षारता, म्हणजे सामू घसरू न देणारा क्षारांचा साठा, खर्च करतात; अमोनियातील दर एक मिलिग्रॅम नायट्रोजनमागे सुमारे सात मिलिग्रॅम. क्षारता संपत आली, की सामू ६ च्या आसपास घसरतो, जीवाणूंचे काम मंदावते आणि अमोनिया साचू लागतो. तो बहुतांशी अमोनियमच्या रूपात असल्यामुळे मासे तग धरून राहतात, आणि पाणी तर आरशासारखे नितळ दिसते. एका सुट्टीच्या दिवशी मालकाला उत्साह येतो आणि तो निम्मे पाणी बदलतो. समजा, टाकीत लिटरमागे चार मिलिग्रॅम अमोनिया होता आणि नव्या पाण्यामुळे सामू ६ वरून ८ पर्यंत चढला. एकूण अमोनिया निम्मा झाला खरा, पण त्यातला विषारी भाग चाळीस पटींहून अधिक वाढला. संध्याकाळपर्यंत मासे पृष्ठभागाशी धापा टाकतात आणि मालक म्हणतो, ‘मी तर साफसफाईच केली होती.’ अशा टाकीत पाणी थोडे-थोडे, रोजच्या रोज बदलावे लागते.

साफसफाईत आणखी दोन गोष्टी घडतात. फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुतला, की क्लोरीनमुळे त्यातले उपयुक्त जीवाणू मरतात; तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळावा. दुसरे म्हणजे, पाणी उघडे ठेवल्याने क्लोरीन उडून जातो, पण क्लोरॅमाइन (क्लोरीन आणि अमोनिया यांचे टिकाऊ संयुग) वापरणाऱ्या शहरांत तो उपाय चालत नाही.

नायट्राइटचे विष वेगळ्या वाटेने काम करते. ते कल्ल्यांतून रक्तात शिरते आणि हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहून नेण्यास असमर्थ करते. कल्ले लालऐवजी तपकिरी दिसू लागतात. अमेरिकेतील कॅटफिशच्या शेततळ्यांत हा जुना, ओळखीचा त्रास आहे आणि त्यावर पाण्यात मीठ घालतात, कारण मिठातील क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतच अडवते.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘तळाचे पाणी घाण असते म्हणून कॅटफिश आधी मरतात’ असे सर्रास म्हटले जाते. फिल्टर नीट चालत असेल, तर विरघळलेले विष टाकीत सगळीकडे जवळपास सारखेच असते. फरक पडतो तो गाळाच्या स्पर्शाने. कॉरिडोरास दिवसभर मिशा रेतीत खुपसून खाद्य शोधतो. रेतीत कुजका गाळ साचलेला असेल, तर त्या मिशा झडतात आणि पोटाखाली लाल चट्टे उठतात. शिवाय कॅटफिशला खरे खवले नसतात. कॉरिडोरास आणि प्लेको यांच्या अंगावर हाडांच्या पट्ट्या असतात, पण पोट मऊ असते. ग्लास कॅटफिशला तर तेही कवच नाही. त्यातच अनेक जाती निशाचर आणि लपून राहणाऱ्या असल्यामुळे आजार आपल्या नजरेला उशिरा पडतो.

कॉरिडोरास मधूनच वर झेप घेऊन हवा गिळतो आणि आतड्यातून प्राणवायू शोषतो. हे त्याचे नेहमीचे वागणे आहे. पण तो सतत वर-खाली करू लागला, तर प्राणवायू कमी पडत आहे असे समजावे. २० अंशांना पाण्यात लिटरमागे साधारण नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात.

पाणी तापले की प्राणवायू घटतो, म्हणून हीटर वाढवायला लावणारी रोगनिदानातील चूक महागात पडते. अंगावर मिठाच्या कणांसारखे सुटे पांढरे ठिपके असतील, तर तो इक नावाचा परजीवी असण्याची शक्यता मोठी. औषध त्याला त्वचेत असताना मारू शकत नाही, फक्त पाण्यात मोकळा पोहणाऱ्या अवस्थेत मारते. म्हणून तापमान थोडे वाढवून त्याचे जीवनचक्र वेगात पुढे नेतात आणि ठिपके गेल्यावरही औषध काही दिवस चालू ठेवतात. पण तोंडाभोवती कापसासारखा पांढरा थर किंवा पाठीवर खोगिरासारखा फिकट डाग असेल, तर तो बहुधा कॉलम्नॅरिस हा जीवाणूजन्य रोग असतो, आणि तो उष्णतेने अधिक भडकतो. त्याला बुरशी समजून बुरशीचे औषध देणारे आणि इक समजून हीटर वाढवणारे, दोघेही वेळ घालवतात; दुसरा तर रोगाला मदतच करतो.

औषधाच्या मात्रेबद्दल ‘कॅटफिशला अर्धीच द्या’ असा सल्ला सरसकट दिला जातो. मला तो अर्धवट वाटतो. तांबे किंवा मॅलाकाइट ग्रीन असलेल्या औषधांबाबत सावधगिरी हवीच, आणि मऊ पाण्यात तांब्याची विषबाधा लवकर होते. पण अपुऱ्या मात्रेने परजीवी मरत नाही आणि माशाला ताण मात्र सोसावा लागतो. चमच्याच्या अंदाजाने औषध घालू नये. टाकीतील रेती-दगड वजा करून खरे पाणी किती लिटर आहे ते काढावे.

उपासमारीकडे मात्र कोणाचे लक्षच जात नाही. ऑटोसिंक्लस हा शेवाळ खाणारा छोटा कॅटफिश दुकानात पोहोचतो तेव्हाच अनेकदा अर्धपोटी असतो आणि चकचकीत नव्या टाकीत त्याला खरवडायला शेवाळ मिळत नाही. तो काचेला चिकटला, की बाहेरून त्याचे पोट पाहावे: भरलेले गोल दिसते, उपाशी आत ओढलेले. प्लेको ‘काच साफ करतो’ म्हणून त्याला वेगळे खाद्य न देणारेही पुष्कळ आहेत; त्याला दिवे मालवल्यानंतर तळाशी बुडणाऱ्या गोळ्या आणि भाजीचे काप द्यावेत.

एवढे करूनही कारण सापडले नाही, तर मासा माशांच्या डॉक्टरकडे न्यावा, आणि शक्यतो आजारी पण जिवंत असतानाच न्यावा. मेल्यावर उबदार पाण्यात ऊती काही तासांत कुजतात आणि कल्ल्यांवरचे परजीवी निघून जातात. नुकताच मेलेला मासा ओल्या पिशवीत घालून बर्फाच्या सान्निध्यात ठेवावा, पण फ्रीझरमध्ये गोठवू नये, कारण बर्फाच्या कणांनी पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासारखे फारसे उरत नाही. सोबत टाकीतील पाण्याची स्वच्छ, काठोकाठ भरलेली वेगळी बाटली आणि मृत्यूंच्या तारखांचा कागद द्यावा.