मलाच का पकडलं?

(दृश्य: रस्त्याच्या कडेला घेतलेली मोटार. संगीत नाही. इंडिकेटरची टिकटिक फक्त.)

काच खाली येते. लायसन्स निघतं, गाडीची कागदपत्रं निघतात. आणि पाठोपाठ ते वाक्य, जे कुठल्याही देशातल्या वाहतूक पोलिसाला एव्हाना तोंडपाठ झालेलं असतं: "साहेब, सगळेच याच वेगानं चालले होते. मलाच का?"

आपण या वाक्याला हसतो. पण नीट ऐका. चालक 'मी वेगात नव्हतो' असं म्हणतच नाही. नियम मोडला हे त्याला मनातून कबूल आहे. त्याला खुपतंय ते वेगळंच. शंभर जण निसटले आणि पावती फाटली एकट्याची. ही तक्रार अगदीच निराधार नाही. आणि ती कुठं खरी आहे, कुठं खोटी, हे पाहायला गेलं की वाहतुकीचा कायदा प्रत्यक्षात कसा चालतो ते बऱ्यापैकी उलगडतं.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. घोडागाड्यांच्या गर्दीत एक मोटार.)

वेगासाठी दंड झालेला पहिला मोटारचालक म्हणून ज्याचं नाव घेतात तो इंग्लंडमधला वॉल्टर अर्नोल्ड. साल १८९६, जानेवारी महिना, केंट परगण्यातलं पॅडक वूड गाव. वस्तीतली वेगमर्यादा होती ताशी २ मैल आणि हा गृहस्थ ताशी ८ मैलांनी निघाला होता. घरी जेवत बसलेला पोलीस ताटावरून उठला, सायकलवर बसला आणि पाच मैल पाठलाग करून त्यानं मोटार गाठली. वेगाबद्दल दंड झाला १ शिलिंग. तेव्हाच्या कायद्याला हवा असलेला पायी माणूस गाडीच्या पुढं चालवला नाही, हाही एक आरोप होताच.

गंमत पुढं आहे. अर्नोल्ड स्वतः मोटारींचा व्यापारी होता. या खटल्यानं त्याच्या धंद्याची काही हानी झाल्याचं दिसत नाही. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मर्यादा ताशी १४ मैलांवर नेण्यात आली. म्हणजे चालकांनी आधी मोडायचं आणि कायद्यानं मागाहून जुळवून घ्यायचं, ही रीतही मोटारीइतकीच जुनी.

(दृश्य: मोकळा रुंद रस्ता. दूरवर कॅमेऱ्याचा खांब.)

आता हा खांब पाहा. गाड्या भरधाव येतात. खांब दिसला की ब्रेकचे लाल दिवे एकामागून एक लागत जातात. पन्नास-साठ मीटर सगळी वाहतूक शहाण्यासारखी चालते. खांब मागं पडतो, दिवे विझतात, इंजिनांचा आवाज चढतो. कॅमेरा कुठं आहे हे रोजच्या चालकाला पाठ असतं, आणि नवख्याला समोरून येणारे हेडलाइट मारून सांगतात. अनोळखी माणसं एरवी एकमेकांना पुढं जाऊ देणार नाहीत. पोलिसांची खबर मात्र न मागता देतात.

या रस्त्याकडेच्या वेगकॅमेऱ्याचा जनक मॉरिस गॅट्सोनाइड्स. हा डच गृहस्थ शर्यतीचा चालक होता. १९५३ ची माँटे कार्लो रॅली त्यानं जिंकली होती. वळणावर आपण नेमके किती वेगानं जातो, आणखी वेग कुठं काढता येईल, हे मोजायला त्यानं उपकरण तयार केलं. स्वतः अधिक वेगानं जाण्यासाठी बनवलेलं यंत्र पुढं जगभरच्या चालकांना वेगाबद्दल दंड लावत सुटलं. त्याला याचं काय वाटत असेल, कोण जाणे.

एका जागच्या कॅमेऱ्याला चालकांनी ब्रेकचं उत्तर शोधलं, तेव्हा यंत्रणेनं प्रश्नच बदलला. दोन कॅमेरे काही किलोमीटरच्या अंतरानं. दोन्हीकडं नंबरप्लेट वाचायची, मधला वेळ मोजायचा, भागाकार करायचा. सरासरी वेग जास्त निघाला की नोटीस. इथं खांबापाशी ब्रेक मारून काही साधत नाही, सबंध पट्टा नियमात काढावा लागतो. अशा पट्ट्यांवर एक चमत्कारिक शांतता असते. कुणी मागून दिवे मारत नाही, कुणी सारखी लेन बदलत नाही. चालकांना विचाराल तर बरेच जण कुरकुरत का होईना सांगतील की गाडी चालवायला तिथं कमी ताण येतो. कारण नियम पाळणारा तिथं एकटा पडत नाही. एरवी वेगमर्यादेत चालणाऱ्याच्या मागं लागणारा हॉर्न हा पोलिसाच्या शिट्टीपेक्षा जास्त परिणामकारक असतो, हे कुणीही चालक सांगेल.

(दृश्य: रात्रीचा रस्ता. बॅटऱ्या घेतलेले पोलीस, गाड्यांची रांग.)

इटलीचा विचारवंत चेझारे बेकारिया यानं १७६४ साली लिहिलं होतं की गुन्हा रोखते ती शिक्षेची खात्री. शिक्षेची क्रूरता नव्हे. त्याच्या डोळ्यांसमोर अर्थातच मोटारी नव्हत्या. पण त्याच्या म्हणण्याची कसोटी रस्त्यावर फार उत्तम लागली, आणि ती दारूच्या निमित्तानं.

ब्रिटनमध्ये ऑक्टोबर १९६७ पासून श्वासाची तपासणी सुरू झाली. १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅमहून जास्त मद्यार्क सापडला की गुन्हा. जाहिरात दणक्यात झाली होती. लोक धसकले, शनिवार-रविवारच्या रात्रींचे गंभीर अपघात झपाट्यानं घटले. मग काही वर्षांत तो परिणाम ओसरत गेला. कायदा तसाच होता, शिक्षाही तशीच. बदललं होतं ते चालकांचं गणित. रोज रात्री घरी जाणाऱ्याला अनुभवानं कळलं होतं की आपल्याला कुणी अडवत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यानं डिसेंबर १९८२ मध्ये वेगळा मार्ग धरला. संशय असो वा नसो, कुणालाही थांबवायचं. तेही आडबाजूला नाही, गर्दीच्या रस्त्यावर, सगळ्यांना दिसेल असं. सुरुवातीच्या काळात वर्षाला तपासण्या इतक्या झाल्या की साधारण दर तीन परवानाधारकांमागे एक पडावी. ज्याची तपासणी झाली नाही त्यानंही ती रांग पाहिली होती, नाहीतर भावाकडून, शेजाऱ्याकडून ऐकली होती. मद्यपानाशी निगडित जीवघेणे अपघात उतरले, आणि उतरलेलेच राहिले. तिथल्या दारूच्या बैठकींमध्ये 'नको, आज तपासणी असेल' हे नकाराचं सोयीचं कारण झालं. मित्रांच्या आग्रहापुढं ज्याची जीभ रेटत नाही, त्याला पोलिसांनी एक सबब मिळवून दिली. माझ्या मते या सगळ्या मोहिमेतली ही सगळ्यात हुशार गोष्ट, आणि ती बहुधा आपसूकच घडली.

(दृश्य: न्यूयॉर्क. 'पार्किंग नाही'च्या पाटीखाली उभी काळी मोटार.)

आणि शिक्षा होणारच नाही अशी खात्री दिली तर? याचंही उत्तर आहे. न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या कामासाठी राहणाऱ्या राजनैतिक अधिकाऱ्यांकडून पार्किंगचा दंड वसूल करता येत नसे. १९९७ ते २००२ या काळात त्यांच्या दीड लाखाहून अधिक पावत्या तशाच थकल्या. रक्कम १ कोटी ८० लाख डॉलरच्या पुढं. रेमंड फिसमन आणि एडवर्ड मिगेल या अर्थतज्ज्ञांनी या पावत्यांचा देशवार हिशोब मांडला. स्वीडन, नॉर्वे, जपान यांच्या अधिकाऱ्यांच्या नावावर थकबाकीच नव्हती. काही देशांच्या प्रतिनिधींनी मात्र रस्ता म्हणजे आपल्याच घरचं अंगण धरलं होतं. तेव्हा धाक नसला की सगळेच नियम मोडतात, असं म्हणता येत नाही. घरून आलेली सवय बरंच काही करते. पण २००२ च्या शेवटी शहराला थकबाकीदारांच्या खास नंबरप्लेट काढून घेण्याचा अधिकार मिळाला आणि ही प्रकरणं जवळजवळ ९८ टक्क्यांनी खाली आली. दंडाचा आकडा तोच होता.

म्हणून 'दंड वाढवा' ही मागणी ऐकली की मला जरा शंका येते. आकडा वाढवायला एक आदेश पुरतो. माणसं रस्त्यावर उभी करायला पगार लागतो. आणि पकडले जाण्याची शक्यता नगण्य ठेवून रक्कम तेवढी चढवली की होतं काय, तर जिथं चिरीमिरीची चाल आहे तिथं चिरीमिरीचा भाव चढतो.

रकमेबाबत एक प्रश्न मात्र रास्त आहे. एकाची आठवड्याची कमाई आणि दुसऱ्याचा जेवणाचा खर्च जर सारखाच असेल, तर दोघांना सारखा दंड हा न्याय कसला? फिनलंडनं १९२१ पासून दंड उत्पन्नाला बांधला आहे. मोठ्या वेगभंगाला तोच नियम लागतो. २००२ साली नोकिया कंपनीच्या एका बड्या अधिकाऱ्याला ताशी ५० च्या रस्त्यावर ७५ नं मोटारसायकल चालवल्याबद्दल १ लाख १६ हजार युरो दंड झाला होता. पुढं उत्पन्न घटल्याचं दाखवून त्यानं तो बराच कमी करून घेतला, ही त्या गोष्टीची कमी सांगितली जाणारी बाजू.

(दृश्य: स्पीडोमीटर, अगदी जवळून. काटा ६० च्या किंचित वर थरथरतोय.)

"थोडासाच तर वर होतो." हे दुसरं पेटंट वाक्य. या 'थोड्याशा'ची सोय कायद्यानं आधीच करून ठेवलेली असते. जर्मनीत मोजलेल्या वेगातून ताशी १०० पर्यंत ३ किलोमीटर वजा होतात, त्यापुढं ३ टक्के. शिवाय मोटारीचा काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवणार नाही, असा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. जास्त दाखवलेला चालतो. म्हणजे ज्याची पावती निघते, त्याच्या डोळ्यांपुढचा काटा पावतीवरच्या आकड्याइतका किंवा त्याहून वरच असतो.

आणि ५० ऐवजी ६० ही काय मोठी चूक? साधा हिशोब मांडू. रस्ता कोरडा, ब्रेक चांगले, समोर अचानक कुणीतरी आलं. पाय ब्रेकवर जायला एक सेकंद धरा. ५० नं येणारी गाडी सुमारे २८ मीटरवर उभी राहते. ६० नं येणारी गाडी त्याच जागी पोचते तेव्हा तिचा वेग असतो अजून ताशी ४० च्या घरात. एकाला नुसता घाम फुटतो आणि दुसऱ्याकडून माणूस उडवला जातो. या दहानं वाचतं काय? दहा किलोमीटरच्या मोकळ्या रस्त्यावर दोन मिनिटं. पुढच्या सिग्नलला तीही जातात.

(दृश्य: सिग्नल. हिरवा जातो, पिवळा लागतो.)

पण चालकाची बाजू जिथं खरी आहे, ती जागा ही. पिवळा दिवा. तो आखूड ठेवला तर चौकाच्या अलीकडं एक असा पट्टा तयार होतो, जिथून वेळेत थांबताही येत नाही आणि लाल लागायच्या आत पारही होता येत नाही. काहीही केलं तरी चूकच. जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेतले गाझिस, हर्मन आणि मॅराडुडिन यांनी १९६० साली हे गणित मांडून दाखवलं. उपाय ठाऊक आहे. जर्मनीत वेगमर्यादा ५० असेल तर पिवळा ३ सेकंद, ६० ला ४, ७० ला ५. जिथं ही काळजी न घेताच लाल दिव्याचा कॅमेरा बसवतात, तिथं 'हे वसुलीचं दुकान आहे' म्हणणाऱ्या चालकाशी मी तरी वाद घालणार नाही.

पावती उशिरा येण्याचंही तसंच. कॅमेऱ्यानं टिपलं, आणि कागद आला महिन्यांनी. कुठला रस्ता, कुठली सकाळ, गाडीत कोण होतं, काही आठवत नाही. ब्रिटनमध्ये कॅमेऱ्यावरची नोटीस १४ दिवसांत गाडीच्या मालकापर्यंत पोचलीच पाहिजे, नाहीतर वेगाचा खटला सहसा टिकत नाही. अशी मुदत नसली की दंड हे एक बिल होऊन बसतं. भरायचं आणि विसरायचं.

बिल ज्याला परवडतं त्यालाही नको असतो तो गुणांचा बोजा, म्हणजे नियम मोडल्यावर चालकाच्या नावावर चढणारे दोषगुण. जर्मनीत चालकांच्या नियमभंगांची नोंद फ्लेन्सबुर्ग शहरात ठेवतात; त्या नोंदवहीत ८ गुण साठले की परवाना जातो. ब्रिटनमध्ये तीन वर्षांत १२ गुण झाले की गाडी चालवायला बंदी येते. नवशिक्याला पहिल्या दोन वर्षांत ६ लाच परवाना गमवावा लागतो. ट्रक, बस, टॅक्सी चालवणाऱ्यांशी बोला. दंडाबद्दल ते कुरकुरतात आणि गुणांबद्दल बोलताना आवाज खाली आणतात. त्यांचा परवाना म्हणजे त्यांची भाकरी. वेळेत पोचण्याचा धोशा मालकाचा, गुण मात्र चालकाच्या नावावर. या वाटणीबद्दल कुठल्याही मोहिमेत फारसं ऐकू येत नाही.

(दृश्य: बोगोटा. पांढऱ्या रंगवलेल्या चेहऱ्याचा मूकनट झेब्रा क्रॉसिंगवर.)

कोलंबियाची राजधानी बोगोटा. महापौर अँटानस मोकस यांनी १९९५ च्या सुमारास चौकात चक्क मूकनट उभे केले. झेब्रा क्रॉसिंगवर चढलेल्या मोटारीपुढं ते हातवारे करत, चालकाची नक्कल करत, बघे हसत. ना पावती, ना शिक्का. नागरिकांना लाखो कार्डंही वाटली होती, अंगठा वर आणि अंगठा खाली दाखवणारी, एकमेकांना दाखवायला. दंडाला न जुमानणारा माणूस चारचौघांतल्या हशाला बिचकतो, यावर ही कल्पना उभी होती. ती सगळीकडं चालेल असं मात्र नाही. फजितीची लाज वाटायला बघणारे आपले वाटावे लागतात.

(दृश्य: उंचावरून घेतलेलं छायाचित्र. विंडस्क्रीनमधून दिसणारे चालकाचे हात.)

यंत्राला असली अट नसते. न्यू साउथ वेल्सनंच २०१९ च्या डिसेंबरात हातातला मोबाइल टिपणारे कॅमेरे लावले. कॅमेरा वरून विंडस्क्रीनच्या आत पाहतो, संगणक संशयित छायाचित्रं निवडतो, माणूस ती तपासतो. पहिले तीन महिने नुसती ताकीदपत्रं गेली. मार्च २०२० पासून दंड. मांडीवरच्या मोबाइलकडं मान झुकवलेला चालक आजवर रस्त्यावरच्या पोलिसाला क्वचितच दिसत होता. आता तो दिसतो, दिवसा आणि रात्री, पावसातही. त्याच्या मागचा दिसतो, त्याच्याही मागचा दिसतो. 'मलाच का' या प्रश्नाला तिथं आता उत्तर आहे: एकट्याला नाही, फोन हातात असलेल्या प्रत्येकाला. त्यावर चालकांची नवी तक्रारही तयार आहे. गाडीच्या आत डोकावण्याचा अधिकार यांना दिला कुणी? हा वाद न्यायालयांत आणि विधिमंडळांत रंगत राहील. तोवर त्या राज्यातले चालक फोन होल्डरमध्ये अडकवून निघतात.