हवा नेमकी कुठली मोजायची? टाळेबंदीतलं सोलापूर

[दृश्य: सात रस्ता, भर दुपार. वाहनांची रांग, उडणारी धूळ.]

सोलापूरकराला धुळीचं कौतुक सांगायला नको. दुपारी गाडी काढली की रुमाल आपसूक नाकावर जातो. रस्त्याच्या कडेला साठलेली धूळ प्रत्येक चाकाबरोबर उठते, डिझेलचा धूर तिच्यात मिसळतो आणि घरी येऊन तोंड धुतलं की पाणी मातकट निघतं. केंद्र सरकारनं २०१९ साली राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जाहीर केला, तेव्हा हवेचे निकष न पाळू शकलेल्या शहरांच्या यादीत सोलापूरचं नाव होतं.

त्यानंतर सव्वा वर्षातच हे शहर थांबलं.

[दृश्य: टाळेबंदीतले रिकामे रस्ते. आवाज नाही.]

२२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यू झाला आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. नवी पेठ बंद, अक्कलकोट रोडची एमआयडीसी बंद, यंत्रमाग बंद. ज्या गल्ल्यांत मागांच्या खडखडाटात शेजारच्याशीही मोठ्यानं बोलावं लागतं, तिथे कुकरची शिट्टी चार घरं पलीकडे ऐकू येऊ लागली. आकाश निळं दिसायला लागलं. जालंधरहून हिमालयाची धौलाधार रांग दिसते, असे फोटो मोबाइलवर फिरत होते, आणि विषाणूनं आणखी काही नाही तरी निदान हवा स्वच्छ केली, असं जो तो म्हणत होता.

यातलं बरंचसं खरं होतं. वाहनांच्या इंजिनातून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड हा वायू हवेत फार काळ टिकत नाही. काही तासांत त्याचं रूपांतर होऊन जातं. त्यामुळे गाड्या थांबल्या की तो लगेच कमी होतो. चीनमध्ये, इटलीत, आणि मग आपल्या मोठ्या शहरांवरही उपग्रहांनी ही घट टिपली. नासाच्या उपग्रहांना उत्तर भारतावरचे सूक्ष्म कण तर वीस वर्षांत सर्वांत कमी दिसले.

पण त्याच वेळी नासानं दक्षिण भारताबद्दल जे सांगितलं, ते आपल्याकडे फारसं कुणी वाचलं नाही. दक्षिणेत कणांचं प्रमाण तेवढं उतरलं नव्हतं. आधीच्या चार वर्षांपेक्षा ते किंचित जास्तच दिसत होतं. हवामान, वारे, शेतातली आग अशी कारणं असू शकतात, असं त्यांचं म्हणणं होतं. दख्खनच्या पठारावर राहणाऱ्या आपल्याला यात नवल वाटू नये. मार्च-एप्रिलमध्ये इथली रानं उघडी पडलेली असतात आणि वारा सुटला की माती उडते. तिला कुठली संचारबंदी?

ओझोनची गोष्ट याहून वेगळी. जमिनीलगतचा ओझोन घशाला आणि छातीला त्रास देतो. तो कुठल्याही चिमणीतून थेट निघत नाही. नायट्रोजनचे ऑक्साइड आणि इंधन-रसायनांची वाफ यांच्यावर ऊन पडलं की तयार होतो. मात्र गाडीच्या धुरात नायट्रिक ऑक्साइडही असतो, आणि तो हाच ओझोन खाऊन टाकतो. गाड्या थांबल्या तेव्हा हा खाणारा कमी झाला. म्हणून टाळेबंदीत जगातल्या कितीतरी शहरांत बाकीचे वायू उतरले, पण ओझोन उतरला नाही, काही ठिकाणी वाढलाच. वर निळं आकाश आणि रणरणतं ऊन, म्हणजे ओझोनला पूरक असंच हवामान. डोळ्यांना स्वच्छ दिसणारी हवा छातीला स्वच्छ असतेच असं नाही.

[दृश्य: अशोक चौक परिसर, अरुंद बोळ, उघडी दारं.]

आता मुद्द्यावर येऊ. मोठं माणूस दिवसाला साधारण दहा ते पंधरा हजार लिटर हवा आत घेतं. ती हवा कुठली? चौकातल्या मोजयंत्राजवळची नव्हे, जिथे ते माणूस तास न् तास बसलेलं आहे तिथली. फुप्फुसात किती घाण गेली हे तीन गोष्टींवर ठरतं: हवेत ती किती होती, तिथे तुम्ही किती वेळ होतात, आणि श्वास किती जोरात चालू होता. टाळेबंदीनं यातली पहिली गोष्ट रस्त्यावर बदलली. दुसरी मात्र प्रत्येक घरात बदलली. चोवीस तासांतले जवळजवळ चोवीस तास माणसं घरात होती. बाहेरची हवा कितीही सुधारली, तरी ती घेणार कोण?

जुळे सोलापूरमधल्या तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये खिडक्या समोरासमोर आहेत, गॅसवर स्वयंपाक आहे, वर गच्ची आहे. तिथल्या माणसानं या काळात खरोखर चांगली हवा घेतली असणार. शहराच्या पूर्वभागात, पत्र्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत, सहा माणसांनी कुठली हवा घेतली?

[दृश्य: मांडीवर सूप. फक्त हात दिसतात.]

हे हात विडी कामगार बाईचे आहेत. सोलापुरात अशा बायका हजारोंच्या संख्येनं आहेत, बहुतेक तेलुगू बोलणाऱ्या घरांतल्या. कारखान्यातून पानं आणि तंबाखू आणायची, घरी विड्या वळायच्या आणि मोजून परत द्यायच्या. मजुरी हजार विड्यांवर मिळते. पानं आधी भिजवून ओल्या फडक्यात ठेवलेली असतात. पत्र्याचं माप पानावर धरून कात्रीनं तुकडा कापायचा, त्यावर चिमूटभर तंबाखू पसरायची, बोटांनी वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. हात इतके सवयीचे की नजर चुलीकडे असते, नाहीतर पोराच्या वहीवर. जवळून पाहा. चिमूट उचलताना जी बारीक भुकटी उडते ती सूपाच्या काठावर बसते, पदरावर बसते आणि नाकात जाते. नव्या माणसाला दारातच ठसका लागतो. उरलेली तंबाखू रात्री त्याच खोलीत राहते, जिथे सगळे झोपतात.

टाळेबंदीच्या पहिल्या टप्प्यात विडी कारखाने बंद होते. नवी तंबाखू घरात येत नव्हती, आणि पैसाही येत नव्हता. पैसा नाही म्हटल्यावर पहिली काटकसर सिलिंडरवर होते. सरकारनं उज्ज्वला योजनेच्या घरांना एप्रिल ते जून २०२० या काळात तीन सिलिंडर मोफत दिले, त्याचा आधार झाला. पण ज्यांचं नाव त्या यादीत नव्हतं, त्यांना लाकडं, पालापाचोळा, पुठ्ठे हाताशी मिळेल ते जाळावं लागतं. आंघोळीचं पाणी तर एरवीही दारातल्या चुलीवरच तापतं. त्यात भर उन्हाळ्यातली रात्र, डास आणि कोपऱ्यात जळणारी अगरबत्ती. या सगळ्यातून निघणारे बहुतेक कण अडीच मायक्रॉनहून बारीक असतात, केसाच्या जाडीच्या वीस-तीस पट बारीक, आणि थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात.

पुढे काम सुरू झालं. तंबाखू घरात परत आली. धाकट्यांच्या शाळा मात्र उघडल्या नाहीत.

मला या साऱ्या कहाणीत सर्वांत जास्त सलतं ते हेच. शाळा सुरू असताना विडी कामगाराचं पोर रोज चार-पाच तास त्या खोलीबाहेर असायचं. राज्यातल्या शहरी भागात आठवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा भरू लागले, आणि धाकट्यांचे त्याच्याही नंतर. म्हणजे पहिलीतलं पोर दीड वर्षाहून जास्त काळ त्या सूपाशेजारी बसून मोबाइलवर, तोही घरात असला तर, अभ्यास करत होतं. मुलांचा श्वास मोठ्यांपेक्षा जलद चालतो आणि वजनाच्या मानानं ती जास्त हवा आत घेतात. शहराची हवा सुधारल्याची बातमी याच दिवसांतली आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

[दृश्य: यंत्रमागाचा कारखाना, उन्हाच्या तिरिपेत तरंगणारे सुताचे तंतू.]

मागावरच्या कामगाराचं थोडं निराळं. त्याच्यासाठी बंद कारखाना म्हणजे सुताच्या भुरकीपासून सुट्टी. कापसाच्या धुळीनं होणाऱ्या आजाराची एक खूण डॉक्टरांना फार पूर्वीपासून माहीत आहे: सुट्टीनंतर कामावर परतलेल्या पहिल्या दिवशी छाती सर्वांत जास्त आवळते. एका दिवसाच्या सुट्टीनं हे होतं. महिनोन्‌महिने बंद राहून एकदम शेडमध्ये शिरलेल्यांच्या छातीकडे तेव्हा कुणाचं लक्ष जाणार? खोकला आला की लोक आधी दूर सरकत होते.

जून २०२० पासून शहर टप्प्याटप्प्यानं उघडलं आणि रस्त्यावरची हवा गाड्यांबरोबर परत आली. बसमध्ये गर्दी नको म्हणून ज्याला जमलं तो स्वतःच्या दुचाकीवर आला. दुचाकीस्वाराचं तोंड तर पुढच्या गाडीच्या धुरातच असतं. एक चांगली गोष्ट मात्र झाली. तोंडाला मास्क आला. नीट बसलेला एन-९५ बारीक कणही अडवतो. कापडी मास्क धूळ थोडीफार अडवतो, वायू नाही. रस्ता झाडणाऱ्या आणि वाहतूक सांभाळणाऱ्या माणसांना हे साधं साधन त्याआधी कुणी आवर्जून दिलं होतं का, हा प्रश्न विचारायला हवा.

[दृश्य: कुंभारी, रे नगरची घरं.]

स्वच्छ हवा कार्यक्रमात शहराची प्रगती मोजतात ती मुख्यतः पीएम १० वर, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या बाहेरच्या धुळीवर. रस्ते झाडणं, पाणी मारणं, कडेला झाडं लावणं हे सगळं हवंच. पण विडीच्या घरात त्याचा उपयोग दारापर्यंतच. सोलापूरजवळच्या कुंभारीला असंघटित कामगारांसाठी रे नगर ही ३० हजार घरांची वसाहत उभारायचं ठरलं. त्यातली १५ हजार घरं १९ जानेवारी २०२४ ला कामगारांच्या हाती आली. इथे काही करून पाहता येईल. विड्या वळायला सामाईक, हवेशीर शेड बांधावी. तंबाखू रात्री घरात न ठेवता डब्यात बंद करून बाहेर ठेवायची सोय करावी. आरोग्य सेविका घरोघरी जातातच. हातात मावणारं कण मोजायचं यंत्र त्यांच्या पिशवीत द्यावं. सूपाजवळ, चुलीजवळ आणि पोराच्या अंथरुणाजवळ, तीन जागी नोंद घ्यावी. सोलापूरची हवा किती सुधारली याचा आकडा पुढच्या वेळी जाहीर होईल, तेव्हा या तीन जागांचे आकडेही त्याच पानावर छापावेत.