रेकीवाल्याला गेटवर का बसवता?

सरपंच ताई, फौजेतून घरी आलेले सगळे भाऊ, आणि मागं भिंतीला टेकून उभे असलेले भरतीच्या तयारीतले पोट्टे, नमस्कार. दहाला थ्री फेज येणार आहे, असं दोघांनी माझ्या कानात आधीच सांगून ठेवलंय. हरभऱ्याचं ओलित काही व्याख्यानासाठी थांबत नाही, तेव्हा वेळेत आटपायचा प्रयत्न करतो. विषय फळ्यावर लिहिलाच आहे: फौजेतला टेहळणीचा, म्हणजे रेकीचा, अनुभव गावाकडच्या कामधंद्यात कसा लावायचा.

त्याआधी एक तक्रार. जवान घरी आला की सोयऱ्यांपासून बँकेच्या साहेबापर्यंत सगळ्यांना एकच गोष्ट सुचते, बारा बोअर. लायसन्स काढा, बंदूक घ्या, स्टुलावर बसा. गार्डच्या नोकरीत कमीपणा काहीच नाही, घर चालतं त्यावर. पण ज्या माणसानं अमावास्येच्या रात्री होकायंत्रावर सहा कोस चालून बरोबर ठरल्या नाल्यावर तुकडी पोचवली, त्याला तुम्ही दार उघडायला बसवता. पगार त्याच्या मिशीचा देता. डोक्यात भरलेलं तसंच पडून राहतं.

गोंधळ कुठं आहे, सांगतो. लोकांना वाटतं फौजी म्हणजे बंदूक. इन्फंट्रीच्या घातक प्लाटूनमधल्या, म्हणजे पुढं जाऊन टेहळणी आणि धाडी करणाऱ्या तुकडीतल्या, पोराला विचारा, रेकीवर गेला आणि त्याची गोळी सुटली तर त्याला शाबासकी मिळते का? रेकीवाल्याची गोळी सुटली म्हणजे बहुधा त्याचं काम बिघडलं. त्यानं जायचं, पाहायचं, मोजायचं, लिहायचं आणि कुणाच्या नजरेत न येता परत यायचं. त्याच्या वहीवरून मागं सँड मॉडेल, म्हणजे मातीत बनवलेली त्या जमिनीची छोटी प्रतिकृती, तयार होतं, त्या मॉडेलभोवती बसून साहेब ठरवतो की जवानांची कंपनी कोणत्या वाटेनं न्यायची. म्हणजे हा माणूस दुसऱ्याच्या निर्णयासाठी जमिनीवरची खरी माहिती आणणारा. असा माणूस ज्याला ज्याला लागतो, तिथं तिथं तुमचं काम आहे. माझं आजचं म्हणणं एवढंच. बाकी सगळा तपशील आहे, आणि गाडी नेमकी तपशिलातच अडते.

आता बायोडाटा. हा माझा खास रागाचा विषय, इथं जरा वेळ जाईल, माफ करा. नेहमीचा बायोडाटा असा असतो: ‘भारतीय सैन्यात १७ वर्षे देशसेवा. जम्मू-काश्मीर, राजस्थान, सियाचीन. शिस्तप्रिय, प्रामाणिक, कष्टाळू. छंद: व्हॉलीबॉल.’ कंपनीच्या माणसानं यावरून काय समजायचं? हाती पायी धड आहे आणि सहाला उठतो, एवढंच. मग तो गेटवर बसवणार नाही तर काय करेल बाप्पा?

त्याच माणसाचं खरं काम लिहून पाहू. ‘१:५०,००० नकाशा आणि होकायंत्र वापरून दिवसा-रात्री वाट काढणे. सहा अंकी ग्रिडने जागा सांगणे. १० जणांच्या सेक्शनचे नेतृत्व. ओपीवर पाळीनं २४ तास निरीक्षण आणि वेळेनुसार नोंदवही. पेट्रोलिंगहून परतल्यावर लेखी आणि तोंडी अहवाल. रेडिओ संचावर ठरलेल्या वेळेला संदेश.’ (ग्रिड म्हणजे नकाशावरच्या उभ्या-आडव्या रेघांवरून काढलेला जागेचा आकडा, सेक्शन म्हणजे छोटी तुकडी, ओपी म्हणजे लपून नजर ठेवायची जागा.) सहा ओळी आहेत, आणि एकही विशेषण नाही. प्रत्येक ओळीवर समोरचा प्रश्न विचारू शकतो आणि तुम्ही करून दाखवू शकता.

फुगवून मात्र लिहू नका. कुणी कुणी ‘आठ अंकी ग्रिड नकाशावरून’ असं ठोकून देतो. १:५०,००० च्या नकाशावर २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. सहा अंकी ग्रिड १०० मीटरचं, म्हणजे कागदावर २ मिलिमीटर, ते डोळ्याला जमतं. आठ अंकी १० मीटरचं, म्हणजे कागदावर ०.२ मिलिमीटर. पेन्सिलीची रेघच त्याहून जाड. ते काम जीपीएसचं. मुलाखतीत समोर सर्व्हेवाला बसला असेल तर तिथंच पकडेल.

दुसरी चूक याच्या उलटी. पराक्रम दाखवायच्या नादात युनिट कुठं होती, कोणत्या चौकीवर होतो, कोणत्या ऑपरेशनात होतो, हे तारखांसकट लिहितात, वर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकतात. १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा पेन्शन लागल्यावर सुटत नाही. जागा आणि कारवाई लिहायचीच नाही, कौशल्य लिहायचं. आणि हुद्द्यापुढं माणसं किती हाताखाली होती ते लिहा. नुसतं ‘हवालदार’ वाचलं की आपल्याकडं लोकांना पोलीस चौकी आठवते.

(समोरून कुणीतरी घड्याळ दाखवतंय. पाहिलं भाऊ.)

तर काम कुठं आहे? विदर्भात पहिलं नाव जंगलाचं. मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, बोर, नवेगाव-नागझिरा, पाच व्याघ्र प्रकल्प आपल्या दारात. देशभरची व्याघ्रगणना दर चार वर्षांनी होते आणि तिची खालची पायरी म्हणजे निव्वळ रेकी. बीटात, म्हणजे एका वनरक्षकाच्या हद्दीत, दोन किलोमीटरची सरळ रेषा आखलेली असते, तिला ट्रान्सेक्ट म्हणतात. पहाटे त्या रेषेवरून हळू चालायचं. चितळांचा कळप दिसला की वेळ, संख्या, रेंजफाइंडरनं अंतर आणि होकायंत्रानं कळपाचं बेअरिंग, म्हणजे उत्तरेपासूनचा कोन, चारही लिहायचं. बेअरिंग काहून? तर समजा रेषा ४० अंशावर जाते आणि कळप ७० अंशावर दिसला. मधला कोन ३० अंशांचा. अंतर ६० मीटर असेल तर कळप रेषेपासून काटकोनात ३० मीटरवर होता. अशा शेकडो ३० मीटर, १२ मीटर, ५५ मीटरवरून त्या जंगलात चौरस किलोमीटरला किती चितळ असतील याचा हिशोब निघतो. आणि चितळ-सांबर किती, यावरून तिथं वाघ किती टिकतील त्याचा अंदाज.

बिघडतं कुठं? एक, जनावर पळून जिथं थांबलं तिथपर्यंतचं अंतर मोजतात. मोजायचं असतं पहिल्यांदा दिसलं त्या जागेपर्यंतचं, नाहीतर कळप रेषेपासून दूर होता असा खोटा हिशोब बसतो आणि संख्या कमी निघते. दोन, अंदाजानं ५०, १०० असे गोल आकडे लिहितात. आकड्यांचा गठ्ठा एकाच जागी पडला की वरचा माणूस ओळखतो, हा रेंजफाइंडर खिशातच होता. तीन, मोबाईल किंवा कुऱ्हाड होकायंत्राला खेटून धरतात आणि सुई सरकते. चार, गप्पा मारत चालतात, मग जनावर दिसेल कुठून? आता सांगा, अंतराचा अंदाज, बेअरिंग, बिनआवाज चालणं आणि पाहिलं तेवढंच लिहिणं हे कुणाला ट्रेनिंग सेंटरात घोटून शिकवलेलं असतं?

कॅमेरा ट्रॅपचंही, म्हणजे जनावर पुढून गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याचंही, तसंच. वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगाचे पट्टे वेगळे असतात. अगदी समोरासमोर लावायचे नाहीत, एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या डोळ्यात जातो. उंची साधारण गुडघ्याएवढी. पुढचं गवत कापलं नाही तर वाऱ्यानं पातं हलून शेकडो रिकामे फोटो येतात. तारीख-वेळ चुकीची लावली तर सगळीच मेहनत वाया. ओपीची जागा निवडणाऱ्याला यातलं नवीन काय आहे? जनावर कुठून वळणार, नाल्याची उतरण कुठली, दोन वाटा कुठं मिळतात, ही नजर आधीच तयार असते. हे काम मुख्यतः वनरक्षक करतात, आणि वनरक्षकाच्या भरतीत माजी सैनिकांना राखीव जागा असतात. जाहिरात आली की आधी तो रकाना वाचा, शिक्षणाची अटसुद्धा माजी सैनिकाला वेगळी असते.

वणव्याचं सांगायचं राहिलं. मोहफूल आणि तेंदूच्या दिवसांत उपग्रहाचा इशारा येतो, पण त्याचा एक ठिपका ३७५ मीटरचा. आग त्या चौकोनात नेमकी कुठं, वारा कुठला, जाळरेषा, म्हणजे आग अडवायची मोकळी पट्टी, कोणती धरायची, हे पायी जाऊनच सांगावं लागतं.

बाकीचं आता धावतच सांगतो. शेतीचा ड्रोन. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार दहावी पास आणि वय १८ ते ६५ असलं की मान्यताप्राप्त संस्थेत शिकून रिमोट पायलटचं प्रमाणपत्र मिळतं, ते १० वर्षं चालतं. दहा लिटर टाकीचा फवारणी ड्रोन स्मॉल वर्गात बसतो, २ ते २५ किलोचा. उडवणं लवकर येतं. धंदा बुडतो तो शेत आधी न पाहिल्यानं. विजेच्या तारा कुठून जातात, बांधावर कडुनिंब किती उंच, वारा शेजाऱ्याच्या शेताकडं आहे का, विहीर आणि गोठा कुठं, आग्या मोहोळ आहे का. पऱ्हाटीवरची फवारणी निष्काळजीपणानं केली तर काय होतं, ते २०१७ साली यवतमाळनं पाहिलंय, विषबाधेनं माणसं गेली. आधी बांधावरून फेरी, हाती काढलेला कच्चा नकाशा, मगच बॅटरी.

वीजवाहिन्यांचं लाइन पेट्रोलिंग: टॉवरनंबरवार चालत जायचं, फुटलेला इन्सुलेटर, चोरीला गेलेले लोखंडी अँगल, तारेजवळ आलेली झाडं, फोटो आणि जागा लिहून द्यायची. पाइपलाइनला लाइन वॉकर लागतात, कुणी वरून खोदतंय का ते पाहायला. दोन्ही कामं ठेकेदारामार्फत मिळतात, म्हणून पगार, पीएफ आणि विमा लेखी घ्या. दादा-भाऊच्या शब्दावर जाऊ नका.

जमीन मोजणी. नकाशा येतो म्हणून भूकरमापक होता येत नाही. तिथं सिव्हिलचा डिप्लोमा किंवा आयटीआयचा सर्व्हेअर ट्रेड मागतात. खाजगी सर्व्हेवाल्याच्या हाताखाली रोव्हर, म्हणजे जागा मोजायचं जीपीएसचं यंत्र, धरून वर्षभर काढलं तर काम येतं, पण सरकारी जागेसाठी कागद लागतोच.

कागदांचं शेवटचं. डिस्चार्ज बुकात ट्रेड ‘सोल्जर जीडी’, म्हणजे जनरल ड्यूटी, एवढाच असतो, त्यावरून कुणालाच काही कळत नाही. म्हणून केलेल्या कोर्सेसच्या नोंदी आणि दाखले युनिट सोडण्याआधी हातात घ्या, नंतर रेकॉर्ड ऑफिसला पत्रं लिहीत बसावं लागतं. फौज सोडणाऱ्यांना नवं काम शिकवणाऱ्या पुनर्वसन महासंचालनालयाच्या कोर्सेसचा अर्ज नोकरीच्या शेवटच्या टप्प्यातच करून टाका. आपली माणसं घरी आल्यावर चौकशी करतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवा आणि ओळखपत्र काढा. दहावी पास, १५ वर्षं सेवा आणि आर्मीचं स्पेशल सर्टिफिकेट ऑफ एज्युकेशन असेल, तर केंद्राच्या ज्या गट ‘क’ पदांना तांत्रिक पात्रता लागत नाही, तिथं पदवीच्या अटीतून वाट निघते.

मागच्या पोट्ट्यांनो, ही सवलत तुमच्या कामाची नाही. अग्निवीर म्हणून २०२२ पासून भरती चार वर्षांची आहे, पुढं जास्तीत जास्त २५ टक्के राहतात, १५ वर्षांचा प्रश्नच येत नाही. तेव्हा भरती झालात तर त्या चार वर्षांतच मॅप रीडिंगचा, रेडिओचा, ड्रोनचा जो कोर्स मिळेल तो पदरात पाडा आणि बाहेरून पदवीला नाव घाला. टेबलावर नागपूरच्या बाजूचा ५५ ओ/४ टोपोशीट, म्हणजे सर्व्हेचा नकाशा, ठेवलाय. ज्याला सहा अंकी ग्रिड काढून पाहायचं असेल त्यानं पुढं यावं, फूटपट्टी आणि पेन्सिल इथंच आहे.