हे यार्ड कुणाचे?

(पडद्यावर: हिवाळ्यातली करडी दुपार, खच्चून भरलेलं स्टेडियम. आवाज हळूहळू वाढतो.)

न्यू जर्सी, २ जानेवारी १९९४. जायंट्स स्टेडियमचं कृत्रिम गवत दिसायला हिरवंगार, पण खाली फरशीसारखं कडक. मध्यंतराला थोडाच वेळ उरलाय. अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात डॅलस काउबॉइज संघाचा एमिट स्मिथ चेंडू काखेत दाबून ४६ यार्ड पळतो. मागून एक जण येऊन त्याला पाडतो आणि अंगाचा सगळा भार उजव्या खांद्यावर येतो. एमिट उठतो तेव्हा तो हात त्याने पोटाशी धरलेला असतो. खांद्याचा सांधा जागचा हललाय.

मध्यंतरात त्याच्या कवचाखाली आणखी पॅड कोंबलं जातं. दुसऱ्या डावात तो परत मैदानात. चेंडू आता डाव्या हाताच्या भरवशावर. प्रत्येक वेळी पडल्यावर तो क्षणभर तसाच राहतो, मग सोबतचे धिप्पाड लाइनमन त्याला अलगद उभा करतात, जसं घरात पाय मोडलेल्या माणसाला खाटेवरून उठवतात. आणि पुढच्या डावपेचात चेंडू पुन्हा त्याच्याच हातात.

दिवसाअखेर त्याने ३२ वेळा पळून १६८ यार्ड काढले होते, शिवाय १० झेल घेऊन ६१. सामना जादा वेळेत गेला, काउबॉइजने तो १६-१३ असा जिंकला. समालोचक जॉन मॅडन त्याला भेटायला थेट ड्रेसिंग रूममध्ये गेले.

तरीही ‘सर्वांत भारी रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा खेळाडू, कोण’ हा वाद निघाला, की एमिटच्या नावावर कुणीतरी नाक मुरडतंच. वाक्य ठरलेलं आहे. “अहो, त्या लाइनमागून कुणीही पळालं असतं!”

(पडद्यावर: वरून घेतलेलं दृश्य. दोन्ही संघांच्या रांगा समोरासमोर.)

हे वाक्य समजायला मैदान वरून पाहायला हवं. अमेरिकन फुटबॉलमध्ये दहा यार्ड पुढे जायला चार संधी मिळतात. एक यार्ड म्हणजे मीटरला थोडा कमी. रनिंग बॅक आक्रमण चालवणाऱ्या क्वार्टरबॅककडून चेंडू घेतो आणि समोरच्या भिंतीत घुसतो. आपल्या कबड्डीतल्या चढाईसारखंच, फक्त इथे परत यायचं नसतं. आणि दुसरा फरक महत्त्वाचा: चढाईवीर एकटा जातो, रनिंग बॅकच्या पुढे पाच जण वाट करत असतात. आक्रमक लाइन म्हणतात ती हीच. प्रत्येकी सव्वाशे किलोच्या पुढची ही माणसं समोरच्याला ढकलतात, फट पडते, ती सेकंदभर टिकते. तिच्यातून जो गेला त्याच्या नावावर यार्ड जमा. ढकलणाऱ्यांच्या नावावर काहीच नाही.

मग ते यार्ड नेमके कुणाचे? या वादात माझ्या मते खरा प्रश्न हाच आहे. बाकीचे आकडे गुगलवर मिळतात.

पण आकडे आधी मांडूनच टाकू. कारकिर्दीत सर्वाधिक धावलेला, एमिट स्मिथ: १८,३५५ यार्ड. त्याखाली शिकागो बेअर्सचा वॉल्टर पेटन, १६,७२६. डेट्रॉइट लायन्सचा बॅरी सँडर्स, १५,२६९. क्लीव्हलँड ब्राउन्सचा जिम ब्राऊन, १२,३१२. एका हंगामाचा विक्रम गॉगल घालून पळणाऱ्या एरिक डिकरसनचा, १९८४ साली २,१०५. दोन हजारांचा टप्पा सर्वांत आधी ओलांडला ओ. जे. सिम्पसनने, १९७३ साली, तेही १४ सामन्यांच्या हंगामात. पुढे घटस्फोटित पत्नीच्या खुनाच्या खटल्यामुळे त्याचं नाव जगभर झालं, त्यामुळे याद्यांमध्ये तो येतो तेव्हा आवाज जरा खाली जातो.

(पडद्यावर: निळ्या-चंदेरी गणवेशातला वीस नंबर.)

आता बॅरी सँडर्स. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्यातल्या बऱ्याच जणांची या खेळाशी पहिली ओळख थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत झालेली असते. टीव्ही चालू असतो, आणि त्या दिवशी लायन्सचा सामना हा डेट्रॉइटचा नेमच. १९९७ च्या थँक्सगिव्हिंगला ज्यांनी तो पाहिला त्यांना बॅरी दिसला. शिकागोविरुद्ध १६७ यार्ड आणि तीन टचडाऊन, म्हणजे तीनदा चेंडू घेऊन शेवटच्या रेषेपार.

उंची जेमतेम पाच फूट आठ इंच, मांड्या पैलवानाच्या. तो चेंडू घेऊन निघतो, समोर फट नसते. मग थांबतो. चक्क थांबतो! ताशी तीसेक किलोमीटरच्या वेगाने चाल करून येणारा माणूस त्याच्यावर झेप घेतो आणि बॅरी तिथे नसतोच. एक पाय डावीकडे, कंबर उजवीकडे, गिरकी, आणि मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाकडून तो निसटतो. टचडाऊन झाल्यावर नाच नाही, चेंडू आपटणं नाही. हातातला चेंडू पंचांकडे देतो, दुकानदाराला सुटे पैसे द्यावेत तसा, आणि चालू लागतो.

पण हाच माणूस पुष्कळदा उलटाही पळायचा. मोठ्या फटीच्या शोधात मागे सरायचा आणि तिथेच पकडला जायचा. ३१ डिसेंबर १९९४ ला ग्रीन बेमध्ये प्लेऑफचा, म्हणजे बाद फेरीचा सामना होता. बॅरी १३ वेळा पळाला. एकूण यार्ड: उणे एक. लायन्स १६-१२ असे हरले. एमिटच्या चाहत्यांना ही तारीख पाठ असते.

इथे दोन स्वभाव समोरासमोर येतात. एमिट फट असो वा नसो, मान खाली घालून दोन-तीन यार्ड काढणारच. बॅरी शून्य, उणे दोन, शून्य, आणि मग एकदम साठ. घर चालवायला एमिट बरा, जत्रेला बॅरी. क्लीव्हलँड असो वा डॅलस, प्रशिक्षकांना पहिला आवडतो. तिकीट काढून आलेल्याला दुसरा.

बॅरीच्या बाजूने नेहमी सांगितलं जातं, की त्याला एमिटची लाइन मिळाली असती तर त्याने पंचवीस हजार काढले असते. याला उत्तर नाही, कारण हा पुरावाच नव्हे, कल्पना आहे. पण एमिटवरचा आरोप मात्र तपासता येतो, कारण १९९३ साली डॅलसने नकळत तो प्रयोगच करून दाखवला.

(पडद्यावर: काउबॉइजचा बाक. एक जागा रिकामी.)

आदल्या वर्षी काउबॉइज विजेते होते. करारावरून मालकाशी वाद झाला आणि एमिट हंगाम सुरू झाला तरी घरी बसून राहिला. बाकी संघ तोच, क्वार्टरबॅक ट्रॉय एकमन तोच. ज्या लाइनमागून ‘कुणीही पळालं असतं’ ती लाइनही तीच. पहिला सामना वॉशिंग्टनशी, हार, ३५-१६. दुसरा बफेलोशी घरच्या मैदानावर, हार, १३-१०. त्या हारेनंतर बचावपटू चार्ल्स हेलीने ड्रेसिंग रूमच्या भिंतीवर हेल्मेट फेकून मारलं. मालकाने त्याच आठवड्यात पैसे मोकळे केले. एमिट आला, त्या हंगामात सर्वोत्तम खेळाडू ठरला, संघ सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. पहिले दोन सामने हरून सुपर बोल जिंकणारा तो पहिलाच संघ.

म्हणजे लाइनला महत्त्व नाही का? आहे, आणि खूप आहे. सॅक्वॉन बार्कलीचं उदाहरण अगदी ताजं. २०२३ मध्ये तो न्यूयॉर्क जायंट्सकडे होता: ९६२ यार्ड, प्रत्येक धावेला सरासरी ३.९. पुढच्या वर्षी फिलाडेल्फिया ईगल्सच्या राक्षसी लाइनमागे गेला: २,००५ यार्ड, सरासरी ५.८. पाय तेच, वय एका वर्षाने जास्त. डिकरसनचा विक्रम मोडायला १०१ यार्ड हवे असताना ईगल्सने शेवटच्या सामन्यात त्याला विश्रांती दिली. सुपर बोल जिंकला तो त्याच्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी, त्यामुळे तक्रार करायला जागा उरली नाही.

(पडद्यावर: कृष्णधवल चित्रण. बत्तीस नंबर.)

आणि मग जिम ब्राऊन. हे नाव घेतलं की वाद घालणारे अर्धे गप्प होतात.

नऊ हंगाम, १९५७ ते १९६५. त्यातले आठ हंगाम संपूर्ण लीगमध्ये सर्वाधिक यार्ड त्याचे. ११८ सामने झाले, तो ११८ खेळला. सामन्यामागे सरासरी १०४.३ यार्ड. कारकिर्दीची सरासरी शंभरावर असलेला दुसरा रनिंग बॅक अजून झालेला नाही, बॅरी ९९.८ वर थांबला. १०० किलोच्या वरचं शरीर, आणि वेग बारीक अंगाच्या माणसाचा. त्याची एक सवय जुन्या चित्रफितींत नीट पाहा. पाडल्यावर तो अतिशय सावकाश उठतो. पेन्शनच्या रांगेतून निघालेल्या आजोबांसारखा रमतगमत परत जातो. प्रत्येक वेळी तसाच, म्हणजे खरोखर लागलंय की नाही हे समोरच्याला कधी कळूच नये. पुढच्या डावपेचात तोच माणूस तिघांना अंगावर घेऊन पळत असतो.

१९६६ च्या उन्हाळ्यात तो इंग्लंडमध्ये चित्रपटाचं काम करत होता. पावसाने चित्रीकरण लांबलं, इकडे सराव शिबिर सुरू झालं. मालक आर्ट मॉडेल यांनी रोजचा दंड लावायची धमकी दिली. ब्राऊनने निवृत्ती जाहीर केली. वय तीस, आदल्याच हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू.

मीही त्यालाच पहिला मानतो. पण एमिटला जो न्याय लावला तो इथे लावल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. ब्राऊन गेल्यावर त्याच्या जागी आला लिरॉय केली. लाइन बरीचशी तीच. पहिल्याच वर्षी १,१४१ यार्ड, सरासरी साडेपाच, आणि मग १९६७, १९६८ असे सलग दोन हंगाम लीगमध्ये पहिला. म्हणजे क्लीव्हलँडच्या त्या लाइनमागून दुसरं कुणी खरंच पळालं होतं! केली स्वतः या खेळातल्या थोरांच्या यादीत, हॉल ऑफ फेममध्ये आहे, ऐरागैरा नव्हे. तरी गंमत बघा, ‘त्या लाइनमागून कुणीही’ हे वाक्य जिम ब्राऊनला कुणी ऐकवत नाही. ते राखून ठेवलंय एमिटसाठी.

वॉल्टर पेटनला या भानगडीत कुणी ओढत नाही, कारण सुरुवातीची कित्येक वर्षं त्याचा संघच सुमार होता. १९७७ मध्ये ताप अंगात असताना मिनेसोटाविरुद्ध त्याने २७५ यार्ड काढले. तेरा हंगामांत एकच सामना चुकला. आणि शेवटी जानेवारी १९८६ मध्ये बेअर्स ४६-१० असा सुपर बोल जिंकत होते, तेव्हा एका यार्डावरून टचडाऊन करायला प्रशिक्षकाने चेंडू दिला तो ‘रेफ्रिजरेटर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अगडबंब विल्यम पेरीला. पेटनच्या खात्यात त्या दिवशी टचडाऊन नाही. १९९९ मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी, तो यकृताच्या आजाराने गेला. त्या एका यार्डाबद्दल शिकागोतले लोक अजून हळहळतात.

त्याच १९९९ च्या जुलैमध्ये बॅरी सँडर्सने खेळ सोडला होता. पेटनचा विक्रम गाठायला १,४५७ यार्ड कमी होते, म्हणजे त्याच्यासाठी एका हंगामाचं काम. पत्रकार परिषद नाही. विचिटा या आपल्या गावच्या वर्तमानपत्राला एक फॅक्स पाठवला आणि विषय संपवला.

(पडद्यावर: ओहायो, कँटन. हॉल ऑफ फेमच्या पायऱ्या.)

२००४ साली बॅरी हॉल ऑफ फेममध्ये गेला. त्याची ओळख करून द्यायला मंचावर उभे होते त्याचे वडील विल्यम, विचिटात छपरं घालण्याचं काम केलेले. सर्वांत भारी रनिंग बॅक कोण, याबद्दल त्यांचं मत पक्कं होतं आणि लेकासमोरही ते कधी बदललं नाही.

जिम ब्राऊन.