पाइपाभोवतीचं बोटभर अंतर

नमस्कार श्रोतेहो.

पार्किंगच्या छताखालून जाणारा, आग विझवायच्या पाण्याचा तो लाल पाइप तुम्ही रोज बघता. खोलीच्या छतातून डोकावणारं स्प्रिंकलरचं तोंडही ओळखीचं असेल. त्यात बहुतेक ठिकाणी लाल द्रवाची काचेची कुपी असते, ती ६८ अंश सेल्सिअसला फुटते आणि पाणी सुटतं. कुपीबद्दल सगळेच बोलतात. मी आज बोलणार आहे भोकाबद्दल. पाइप एका मजल्यावरून वरच्या मजल्यावर चढतो तो स्लॅबमधून, आणि एका खोलीतून दुसरीत शिरतो तो भिंतीतून. तिथं भोक असतं, आणि ते पाइपापेक्षा मोठं असतं. म्हणजे असायला हवं.

त्या मधल्या फटीकडून आपल्याला दोन गोष्टी हव्या असतात आणि दोन्हींचं आपसात जमत नाही. पाइपाला हलायला जागा हवी, आणि आगीला शिरायला जागा नको. परत सांगतो: पाइपाला जागा हवी, आगीला नको.

गवंड्याच्या हाती हे काम गेलं की तो पहिली गोष्ट विसरतो. सिमेंटचा गोळा दाबला, वरून थापी फिरवली, दिसायला झकास. प्लंबर दुसरी विसरतो आणि भोक उघडंच सोडून पुढच्या मजल्यावर जातो. आणि घाई असली की दोघंही हाताला लागेल ते कोंबतात. हाताला लागेल ते कोंबलं की काय होतं, त्याची एक गोष्ट मी संधी मिळेल तिथं सांगतो. आजही सांगणार. गोष्ट पाइपाची नाही, केबलची आहे. पण भोक तेच.

२२ मार्च १९७५. अमेरिकेत अलाबामा राज्यात ब्राउन्स फेरी नावाचं अणुवीज केंद्र आहे. दोन अणुभट्ट्या पूर्ण जोरात चालू, तिसरीचं बांधकाम सुरू. नियंत्रण कक्षाच्या खाली एक खोली होती, तिथं साऱ्या केबली एकत्र येत आणि भिंतीतल्या भोकांतून पलीकडे अणुभट्टीच्या इमारतीत जात. पलीकडच्या इमारतीत हवेचा दाब मुद्दाम कमी ठेवलेला, म्हणजे गळती झालीच तर हवा आत ओढली जावी, बाहेर येऊ नये. म्हणून ही भोकं हवाबंद हवीत. ती हवाबंद आहेत की नाहीत हे तपासायचं कसं? मेणबत्तीनं! हो, मेणबत्तीनं. पेटवायची, भोकापाशी धरायची. ज्योत आत झुकली की समजायचं, इथून वारा जातोय.

त्या दिवशी ज्योत झुकली. तिथल्या एका कामगारानं फोमचे तुकडे घेतले, फटीत कोंबले आणि पुन्हा मेणबत्ती धरली. फट पुरती बुजली नव्हती. वाऱ्यानं ज्योत आडवी केली आणि थेट फोमवर नेली. पॉलियुरेथेन फोमच तो, लगेच पेटला. त्यानं टॉर्चनं ठोकून पाहिलं. मग चिंध्या दाबल्या. मग कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं आणून फवारलं, तर तो वायूही वाऱ्याबरोबर भोकातून सरळ पलीकडे निघून गेला. आणि आगही पलीकडे गेली. भिंतीच्या अलीकडे माणसं, पलीकडे जाळ.

वर नियंत्रण कक्षात पंप आपोआप सुरू होऊ लागले, नको ते दिवे लागले, हवे ते विझले. सोळाशेहून जास्त केबली जळाल्या. आग सुमारे सात तास चालली, कारण केबलींवर पाणी मारायला वरिष्ठ तयार नव्हते. बाहेरून आलेला अग्निशमन दलाचा प्रमुख दुपारपासून सांगत होता, पाणी मारा. संध्याकाळी परवानगी मिळाली आणि थोड्याच वेळात आग विझली. शेवटी साधं पाणीच कामी आलं. कोणी दगावलं नाही, किरणोत्सर्गही बाहेर आला नाही. पण तिथल्या अणुवीज केंद्रांचे आगीबाबतचे नियम त्या मेणबत्तीनंतर नव्यानं लिहिले गेले.

मला या गोष्टीतला खरा खलनायक मेणबत्ती वाटत नाही. तिथं आधीही लहानसहान आगी लागल्या होत्या, हातांनी विझवल्या होत्या आणि काम पुढे चालू राहिलं होतं. खलनायक ती चालवून घ्यायची सवय.

असो, पाइपाकडे येऊ, वेळ थोडा उरलाय. जागा किती सोडायची? भूकंपाच्या भागांसाठी एनएफपीए १३ या स्प्रिंकलरच्या अमेरिकी नियमावलीत साधारण हिशोब असा आहे: एक ते साडेतीन इंची पाइपाभोवती सगळीकडून एक इंच मोकळं, चार इंची आणि त्याहून मोठ्या पाइपाभोवती दोन इंच. ही जागा का लागते, तर इमारत एकीकडे डोलते आणि पाइप दुसरीकडे. सिमेंटनं मान धरलेला पाइप मग जवळच्या जोडावर तुटतो. १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात लॉस एंजेलिसजवळचं ऑलिव्ह व्ह्यू रुग्णालय उभं राहिलं, पण स्प्रिंकलरचे आणि थंड पाण्याचे पाइप फुटले आणि रुग्णांना हलवावं लागलं.

आणि आगीला जागा नको, म्हणून फटीत रॉकवूल, म्हणजे न जळणारी दगडी लोकर, दाबायची आणि वर आगरोधक सीलंटचा, म्हणजे फट बुजवायच्या लेपाचा, थर द्यायचा. सीलंट लवचिक हवा, नाहीतर पाइप हलला की तडकतो. किती खोल दाबायचं, किती जाड लावायचं, हे त्या मालाच्या चाचणीच्या तक्त्यात दिलेलं असतं, गवंड्याच्या अंदाजात नव्हे. पाइप प्लास्टिकचा असेल तर तो आगीत वितळतो आणि भोक उघडं पडतं. म्हणून तिथं तापल्यावर फुगणारा माल किंवा पाइपाभोवती बसवायची तशीच कॉलर लागते, ती फुगून भोक मिटवते.

आता शेवटचं, हे लिहून घ्या. स्प्रिंकलरचा नारिंगी सीपीव्हीसी, म्हणजे एका प्लास्टिकचा, पाइप असेल, तर दिसेल तो सीलंट त्याला लावू नका. काही सीलंटमधली रसायनं त्या प्लास्टिकला आतून कमजोर करतात, आणि भिंतीच्या आत, कोणाला न दिसता, पाइपाला बारीक चिरा जातात. पाइप बनवणाऱ्या कंपनीकडे चालणाऱ्या मालाची यादी असते. सीलंटचं नाव त्या यादीत नसेल, तर ट्यूब दुकानात परत द्या.

नमस्कार.